पोलादाचे कारखाने आणि जायबंदी माणसे : एका मोजणीची हकीगत

लोहाराच्या भट्टीसमोर लहानपणी तासन्‌तास उभा राहिला नाही असा माणूस खेड्यात सापडणे कठीण. भाता फुसफुसतो आहे, सांडशीत धरलेला फाळ लाल होऊन ऐरणीवर येतो आहे, आणि समोरचा गडी घण उचलून ठाव्यावर ठाव्या घालतो आहे, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. लोहाराच्या हातांवर जुन्या भाजण्याचे पांढरे डाग असतात. क्वचित एखादे नख काळे पडलेले असते. पण त्या कामातला धोका लोहाराच्या डोळ्यांसमोरचा असतो. घण चुकला तर कोणाचा चुकला, का चुकला, हे दोघांनाही ठाऊक असते, आणि संध्याकाळी दोघे एकाच पंगतीला बसून भाकरी खातात.

लोखंडाचे काम भट्टीतून उठून कारखान्यात गेले, तेव्हा हा धोका किती वाढला, आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न कसा सुटत गेला, त्याची हकीगत आज सांगायची आहे.

आमच्या गावात माझ्या लहानपणी एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना आबा म्हणत. उजव्या हाताची तर्जनी आणि तिच्या शेजारचे मधले बोट त्यांना मुळापासून नव्हते. तरुणपणी ते मुंबईला एका धातूच्या कारखान्यात पत्रा कापण्याच्या यंत्रावर होते, आणि 1930 साली तिथेच ती बोटे गेली. आम्ही पोरे विचारायचो, “आबा, बोटं कशी गेली हो?” तर म्हणायचे, “नशीब, बाबा. दुसरं काय?” आणि मग थोडे थांबून, “माझंच लक्ष नव्हतं. चूक माझीच.”

नशीब म्हणणे मी समजू शकतो. पण ‘चूक माझीच’ हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पुढे इतिहासाची पुस्तके वाचू लागलो तेव्हा कळले, की हेच वाक्य जगभरच्या कारखान्यांतून लाखो माणसांनी उच्चारले आहे, आणि बहुधा ते त्यांना दुसऱ्या कोणीतरी शिकवलेले असते.

आता आपण जरा दूर जाऊ या. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तो प्रीतिसंगम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात अशाच दोन नद्या, ॲलेघेनी आणि मोनोंगाहिला, एकत्र येऊन त्यांची ओहायो नदी होते. त्या संगमावर पिट्सबर्ग हे शहर वसले आहे. जवळच्या डोंगरांत दगडी कोळसा, नद्यांतून वाहतुकीची सोय, आणि वरच्या मोठ्या सरोवरांतून आगबोटीने येणारी लोखंडाची माती. एवढे जमून आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी ते जगातले पोलादाचे पहिल्या प्रतीचे ठाणे बनले. रात्री आभाळ तांबडे दिसे आणि दिवसा धुरामुळे दिवे लावावे लागत, असे त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे.

या कारखान्यांत माणूस मरतो कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे. झोतभट्टी म्हणजे पाच-सहा मजली घराएवढे उंच धुराडे समजा. वरून खनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर टाकायचे, खालून तापवलेल्या हवेचा झोत मारायचा, आणि तळाशी वितळलेले लोखंड साठले की भोक पाडून ते बाहेर काढायचे. वरचा माल सरळ खाली सरकत राहिला तर ठीक. पण कधी कधी तो मध्येच अडकून बसतो. खालचा भाग जळून पोकळ होतो, आणि मग वरचा सगळा डोलारा एकदम कोसळतो. आत कोंडलेला वायू त्या धक्क्याने उसळून, तापलेले खनिज आणि कोक घेऊन भट्टीच्या तोंडातून बाहेर फेकला जातो. माथ्यावर काम करणाऱ्या गड्याला पळायला जागा नसते. त्या काळात मेसाबी डोंगररांगांतले भुकटीसारखे बारीक खनिज स्वस्त मिळू लागले होते, आणि त्यामुळे असे अडकणे वाढले होते. माल स्वस्त झाला, त्याची किंमत माथ्यावरच्या माणसाने दिली.

दुसरी गोष्ट पाण्याची. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो उडतो, हे आपल्या घरच्या बायांना माहीत आहे. आता उलटे करा. ओलसर जमिनीवर किंवा नीट न सुकलेल्या साच्यात वितळलेले लोखंड ओता. खालचे पाणी निमिषात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा नसली की ती लोखंडाला वर उडवून जागा करून घेते. कोल्हापूर-सांगलीकडच्या फाउंड्रीत ज्यांची मुले कामाला आहेत, त्यांनी घरी आलेल्या मुलाला विचारून पाहावे. साचा कोरडा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय जाणता ओतारी रस ओतत नाही.

तिसरी गोष्ट यारीची, म्हणजे क्रेनची. शेडच्या छपराखालून लोखंडी रुळांवर धावणारी यारी शेकडो मण वजन साखळीला लटकवून माणसांच्या डोक्यावरून नेते. साखळी तुटली, आकडा निसटला, की खाली असेल त्याचा चुराडा. शिवाय कारखान्याच्या आत आगगाडीचे रूळ, त्यांवर तापलेल्या लगडी वाहणारे डबे, उघडी दातेरी चाके, उघड्या विजेच्या तारा, कठडे नसलेले खड्डे. भट्टीतल्या धगधगत्या रसाने माणसे मरत असतील असे बाहेरच्याला वाटते. पण पुढे मोजणी झाली तेव्हा यारीने मारलेल्यांची संख्या त्याहून पुष्कळ जास्त निघाली.

या कामावर माणसे कोण होती? पुष्कळशी युरोपातल्या ऑस्ट्रिया-हंगेरी आणि रशियाच्या मुलखांतून आलेली स्लाव्ह, हंगेरियन आणि इतर माणसे होती. खेड्यांतली, शेतकऱ्यांची पोरे. जमिनीचा तुकडा पुरेना म्हणून आगबोटीत बसली. चार वर्षे राबायचे, पैसा साठवायचा आणि परत जाऊन शेत घ्यायचे, असा हिशेब. कोकणातून आणि घाटावरून मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांची कहाणी याहून फार निराळी नाही. इंग्रजी कळत नव्हते, म्हणून ‘सरक’ म्हणून कोणी ओरडले तरी अर्थ पोचायला वेळ लागे. दिवस बारा तासांचा. आणि दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल करण्यासाठी दर पंधरा दिवसांनी सलग चोवीस तासांची पाळी. वीस तास जागलेल्या माणसाचे लक्ष नसते, ही काही त्याच्या स्वभावातली खोट नव्हे.

अपघात फक्त अडाण्याला होतो असे कोणी म्हणेल, तर त्याने कॅप्टन बिल जोन्स यांचे नाव लक्षात ठेवावे. पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉकच्या पोलाद कारखान्याचे ते मुख्य अधिकारी होते. पोलाद बनवण्याच्या कृतीत स्वतःच्या शोधांनी भर घालणारा, त्या धंद्यातला अव्वल जाणकार. 1889 च्या सप्टेंबरात तिथल्या झोतभट्टीत माल अडकला. तो मोकळा करण्याच्या खटपटीत भट्टी फुटली, जोन्स भाजले आणि दोन दिवसांनी वारले. जगात त्या भट्टीबद्दल जास्तीत जास्त कळणारा माणूस त्या भट्टीनेच नेला.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहू. त्यासाठी इंग्लंडात 1837 साली जावे लागते, आणि गंमत अशी की तिथे ना कारखाना आहे ना भट्टी. एक खाटीक आहे, त्याची मांस वाहणारी गाडी आहे, आणि प्रीस्टली नावाचा त्याचा तरुण नोकर आहे. गाडीत माल प्रमाणाबाहेर भरला गेला, गाडी मोडली, आणि पोराच्या मांडीचे हाड मोडले. त्याने मालकावर, फाउलरवर, दावा लावला. पंचांनी त्याला शंभर पौंड द्यावेत असा निवाडा केला. वरच्या न्यायाधीशांनी तो फिरवला. त्यांचे म्हणणे असे, की नोकराला मालकाकडून अशी भरपाई मिळू लागली तर त्याला अंतच राहणार नाही. उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणूनही नोकर मालकाला कोर्टात खेचील. गाडी धोक्याची आहे हे नोकराला मालकाइतकेच कळत होते, त्याने बसायला नकार द्यायला हवा होता.

या एका मोडलेल्या गाडीवरून इंग्लंड-अमेरिकेच्या न्यायालयांनी मालकाभोवती तीन भिंती उभ्या केल्या. पहिली : सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. यारी चालवणारा चुकला आणि खालचा मेला, तर विधवेने जाऊन यारीवाल्याला धरावे. दुसरी : काम धोक्याचे आहे हे माहीत असून माणूस कामाला आला, म्हणजे तो धोका त्याने पत्करला. तिसरी : जखमीची स्वतःची थोडीशीही चूक दिसली, तर मालकाची चूक कितीही मोठी असो, दावा बुडाला. शिक्षकबंधूंनी वर्गात मुलांना विचारून पाहावे, की या तीन भिंतींतून कोणता दावा पलीकडे जाईल. माझ्या मते फारच थोडे.

पिट्सबर्गच्या कारखान्यांतली सर्वसाधारण समजूतही त्याच धर्तीची होती. शंभरातले पंचाण्णव अपघात कामगाराच्या स्वतःच्या हयगयीने होतात, असे अधिकारी ठासून सांगत. ते खरे की खोटे, हे कोणी तपासलेच नव्हते. कारण मेलेली माणसे कोणी एका जागी मोजलीच नव्हती.

ही मोजणी केली क्रिस्टल ईस्टमन या एका तरुण बाईंनी. 1907 साली त्यांनी न्यूयॉर्कला कायद्याची पदवी घेतली. वय सव्वीस. त्याच सुमारास रसेल सेज फाउंडेशन या संस्थेच्या पैशातून पिट्सबर्गच्या जीवनाची मोठी पाहणी सुरू झाली होती. पॉल केलॉग हे तिचे प्रमुख. कोणी घरांची पाहणी करीत होते, कोणी पाळ्यांची आणि मजुरीची. लुईस हाइन यांच्यासारखा छायाचित्रकार हात तुटलेल्या कामगारांचे फोटो घेत होता. ईस्टमन यांच्याकडे अपघातांचा विषय आला.

त्यांनी काही मोठी युक्ती केली नाही. मृत्यूची चौकशी करणारा जो सरकारी अधिकारी असतो, कॉरोनर, त्याच्या दप्तरातून 1 जुलै 1906 ते 30 जून 1907 या एका वर्षातली ॲलेघेनी जिल्ह्यातली कामावर मेलेली सगळी माणसे त्यांनी उतरवून काढली. मग एकेका नावामागे त्या आणि त्यांचे सोबती घरोघर गेले. बायकोला विचारले, सोबतच्या कामगाराला विचारले, फोरमनला विचारले. माणूस कोठे उभा होता, त्याला कोणी काय सांगितले होते, यंत्राला जाळी होती का, नंतर घरच्यांना काय मिळाले. तलाठी पीकपाहणी करतो तशी ही मरणाची पाहणी होती. म्हणून तिच्यापुढे कोणाला पळवाट राहिली नाही.

आकडा निघाला 526. एका जिल्ह्यात, एका वर्षात. त्यांपैकी 195 माणसे पोलादाच्या कारखान्यांत मेली होती, 125 रेल्वेवर, 71 कोळशाच्या खाणींत, आणि बाकीची 135 इतर धंद्यांत. मेलेल्यांतले बहुतेक चाळिशीच्या आतले. जखमींचा अंदाज यावा म्हणून इस्पितळांच्या नोंदी पाहिल्या, तर नुसत्या तीन महिन्यांत पाचशेवर माणसे हात-पाय मोडून, डोळे जाऊन, भाजून दाखल झालेली सापडली.

या आकड्यांचे त्यांनी एक साधे कोष्टक छापले. वर्षाचे बारा महिने दिनदर्शिकेसारखे मांडायचे, आणि ज्या दिवशी माणूस मेला त्या तारखेवर एक क्रूस काढायचा. मोकळी तारीख शोधावी लागत होती. मला विचाराल तर शंभर पाने लिहून जे झाले नसते ते या एका पानाने केले. एक माणूस मेला की लोक हळहळतात, नशीब म्हणतात, आणि विसरतात. पण दिनदर्शिकेवर दाटीवाटीने बसलेल्या त्या खुणा पाहून नशीब म्हणणे अवघड जाते.

आणि ते पंचाण्णव टक्के? जिथे जिथे कारण ठरवता आले, त्या प्रकरणांत चुकीची वाटणी त्यांनी कसोशीने केली. मेलेल्याची स्वतःची चूक होती अशी प्रकरणे होती. ती त्यांनी लपवली नाहीत. पण त्यांतही पुष्कळ जागी ते पोरगे अगदी कोवळे किंवा नवखे होते, किंवा घाईने काम ओढणाऱ्या मुकादमाच्या हाताखाली होते. आणि फार मोठ्या भागात मालकाची किंवा त्याच्या जागी हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्याची कसूर निघाली : खराब साखळी, नसलेली जाळी, न दिलेला इशारा. पंचाण्णवाचा आकडा कोठेच उभा राहिला नाही.

घरच्यांना काय मिळाले, ते वाचताना मात्र मन घट्ट करावे लागते. मेलेल्या विवाहित कामगारांच्या कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांना शंभर डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले. कित्येकांना काहीच नाही. शंभर डॉलर म्हणजे साध्या मजुराची जेमतेम दोन-तीन महिन्यांची कमाई. त्यातला मोठा भाग प्रेतसंस्कारातच जाई. मग मोठा मुलगा शाळा सोडून कामाला, आणि आई खानावळीचे गिऱ्हाईक घरात घेऊन बारा माणसांचे कपडे धुवायला. अपघाताचा सगळा खर्च अशा रीतीने त्या घराने सोसला. पोलादाच्या किमतीत त्याचा एक पैसाही नव्हता.

ईस्टमन यांचे पुस्तक 1910 साली निघाले. पण धक्का एकट्या त्यांच्या पुस्तकाने बसला असे मी म्हणणार नाही. 1907 च्या नोव्हेंबरात विल्यम हार्ड या पत्रकाराने शिकागोच्या दक्षिणेच्या पोलाद कारखान्यावर एक जळजळीत लेख लिहिला होता. तिथे एकट्या कारखान्यात 1906 साली 46 माणसे मेली होती. लोकांत ओरड सुरू झाली. 1908 साली युनायटेड स्टेट्स स्टील या सर्वांत मोठ्या कंपनीने आपल्या सर्व कारखान्यांसाठी सुरक्षा समिती नेमली. ‘आधी सुरक्षितता’ ही पाटी आज आपल्या एस.टी.च्या आगारापासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे दिसते. तिचा प्रसार त्या वेळच्या या चळवळीतून झाला.

त्या समितीच्या लोकांनी केले काय, ते पाहण्यासारखे आहे. फिरत्या शाफ्टवर चाक घट्ट बसवण्यासाठी एक सेट स्क्रू असतो. त्याचे डोके अर्धा इंच वर आलेले असते. शाफ्ट फिरत असला की ते डोळ्याला दिसत नाही. सदऱ्याची बाही त्यात अडकली की माणूस शाफ्टभोवती गुंडाळला जातो. आपल्याकडे ऑइल इंजिनाच्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा मळणीयंत्रात पदर जाऊन अशा घटना झालेल्या आहेत, म्हणून आपल्याला हे वेगळे सांगायला नको. उपाय काय? स्क्रूचे डोके आत बुडवायचे. खर्च काही आण्यांचा. दातेरी चाकांवर पत्र्याचे झाकण, यारीवर चालायला कठडा असलेली वाट, खड्ड्याला कठडा, डोळ्यांना चष्मा. पहिल्या काही वर्षांतच गंभीर अपघात ठळकपणे उतरले. जे अपघात कामगाराच्या हयगयीने होतात म्हणून सांगितले जात होते, ते पत्र्याच्या झाकणाने कमी झाले. कामगार तेच होते.

मालकांना एका रात्रीत दया आली असे मात्र समजू नये. त्याच वेळी कायदे बदलत होते, आणि पुढे प्रत्येक तुटलेल्या हातामागे पैसे मोजावे लागणार हे त्यांना दिसत होते. न्यूयॉर्क राज्याने याबाबत जी चौकशी समिती नेमली तिच्या चिटणीस खुद्द ईस्टमन होत्या. तिथे 1910 साली झालेला सक्तीच्या भरपाईचा कायदा 1911 च्या मार्चमध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. पुढे घटनादुरुस्ती करून तो पुन्हा आणावा लागला. 1911 साली विस्कॉन्सिन राज्याने कायदा केला, 1915 साली पेनसिल्व्हानियाने. त्या तीन भिंती एकेक करून पडल्या. बारा तासांची पाळी मात्र टिकली. ती युनायटेड स्टेट्स स्टीलने 1923 साली सोडली.

भरपाईची कल्पना काही अमेरिकेची नव्हे. चूक कोणाची हे न विचारता जखमी कामगाराला पैसे द्यायचे आणि तो खर्च धंद्याने उचलायचा, असा विम्याचा कायदा जर्मनीत बिस्मार्क यांनी 1884 साली केला होता. इंग्लंडाने 1897 साली तसा कायदा केला.

1884 हे साल आपण मराठी माणसांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला, आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. आपल्याला रविवारची सुट्टी त्यांच्या खटपटीने मिळाली, एवढे शाळेतली मुलेसुद्धा सांगतात. पण त्या अर्जात पाच मागण्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि पाचवी अशी, की कामावर इजा झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

ही पाचवी मागणी आपण विसरलो. तो अर्ज कापडगिरण्यांचा होता, पोलादाच्या कारखान्याचा नव्हे, हे खरे. पण बिस्मार्कांचा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी परळच्या चाळीतल्या माणसांनी, त्या कायद्याची वार्ताही नसताना, तीच गोष्ट मागितली. हिंदुस्थानात 1881 चा फॅक्टरी कायदा होता. त्यात धोक्याच्या यंत्राला कुंपण घालावे आणि अपघाताची वर्दी द्यावी असे होते. बोट गेलेल्या माणसाचे पुढे काय, यावर तो गप्प होता.

पोलाद आपल्याकडे आले ते पिट्सबर्गच्या वाटेनेच. 1907 साली, म्हणजे ईस्टमन घरोघर फिरत होत्या त्याच वर्षी, मुंबईत टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग विकायला निघाले, आणि तीन आठवड्यांत हजारो हिंदी माणसांनी सगळे भांडवल पुरे केले. साकचीच्या, म्हणजे पुढच्या जमशेटपूरच्या, कारखान्याचा आराखडा पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी यांच्या कंपनीने केला. 1912 साली तिथे पहिले पोलाद निघाले. पिट्सबर्गची भट्टी आली. तिच्यासोबत बारा तासांची पाळी आली नाही, ही चांगली गोष्ट झाली. त्याच वर्षी तिथे आठ तासांचा दिवस ठरला, आणि 1920 साली अपघाताच्या भरपाईची योजना कंपनीने स्वतःहून सुरू केली.

सगळ्या देशासाठी कायदा झाला 1923 साली. अंमल सुरू झाला 1 जुलै 1924 पासून. तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बोलायला आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी होते. लोखंड्यांची पाचवी मागणी पुरी व्हायला चाळीस वर्षे लागली, आणि तीही अर्धवट. पूर्ण पगार नव्हे, अर्धा. आणि तोही पहिले दहा दिवस सोडून. मेलेल्याच्या घरच्यांना तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतले जे कमी ते. जन्माचा निकामी झालेल्याला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, यांतले जे कमी ते.

त्या कायद्याला एक परिशिष्ट होते. वाचताना खाटकाच्या दुकानातला भाव लिहिलेला फळा आठवतो, पण गरिबाच्या दृष्टीने ते मोलाचे होते, कारण त्यात घासाघीस नव्हती. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची ताकद सत्तर टक्के गेली असे धरायचे, डावा गेला तर साठ. एक डोळा तीस टक्के. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. इतर कोणतेही बोट पाच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लक्ष नव्हते म्हणून भरपाई बुडत नव्हती. कामगार प्यालेला असेल, सुरक्षिततेचा हुकूम त्याने मुद्दाम मोडला असेल, किंवा जाळी जाणूनबुजून काढून टाकली असेल, तरच मालक सुटत असे. साध्या नजरचुकीला तो कायदा चूक मानतच नव्हता.

1930 साली बोटे गेली तेव्हा आबांचा पगार महिना तीस रुपये होता, हे त्यांनीच सांगितले होते. गणित सोपे आहे. चौथीतल्या मुलालाही फळ्यावर करता येईल. बेचाळीस महिन्यांचे 1260 रुपये. तर्जनीचे दहा आणि मधल्या बोटाचे पाच मिळून पंधरा टक्के, म्हणजे 189 रुपये. त्यांच्या कारखान्यात शंभरावर माणसे होती आणि विजेवर यंत्रे चालत, तेव्हा कायदा लागू होता यात शंका नाही. दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा होता. मुकादमाने त्यांच्या हातावर दहा रुपये ठेवले, बोटीचे तिकीट काढून दिले, आणि पुढच्या वेळी लक्ष देऊन काम करत जा म्हणून सांगितले.